दिवसभर जांभया

कोडोली, मळ्यातलं घर
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

स्नेहल बाळ,

सगळ्यात आदी आली ती धोंडुबाई. मी अजून चूलसुद्धा पेटवली नव्हती. दारातनंच हातवारे, "झुंबरे, तुझी भुरी बाळंत झाली म्हनं." तिच्या मागनं बाळाबाई, शेळी दाव्यासकट. म्हनलं शेळी कशाला आनलीस बघाय, तर म्हनती, "हिला घरात कुनाजवळ ठेवू, सून गेलीया कोल्हापूरला." बसल्या दोघी च्या पीत. मंगळवारी पहाटं झाली बघ भुरी मोकळी, आनि कुठं झाली सांगू? तुझ्या बाळीसाठी माळ्यावरनं पाळणा काढला होता, घासून, उन्हात वाळवून, खाली गोधडी घालून ठेवला होता. त्यातच. तुझा तो पाळणा. धोंडुबाई म्हनली, आता बाळीला मांजराच्या जागेत निजवनार का. मी म्हनलं, बाळी यायला महिना हाय, तवर भुरीचं बाळंतपन उरकतंय, गोधडी धुती आनि देती. ठसका लागंस्तोवर हसली.

चार हाईत. एक काळंकुट्ट, दोन आईगत भुरी, आनि एकाचे पाय तेवढे पांढरे, जनू चुन्यात बुडवून काढलंय. उंदराएवढाली. डोळं शिवल्यागत. कान तर डोक्याला चिकटलेलं, कान हाय का न्हाय तेच कळत न्हाय. पाय हायेत पर उभं ऱ्हाता येत न्हाय, पोटावर पवत पवत आईकडं जात्यात. आनि एवढी आंधळी आसून आपापलं थान वळखत्यात. काळ्याच्या थानाला दुसरं गेलं की काळं डोस्क्यानं ढकलतंय. अगदी तुझ्या बापागत. जोतीरामबी लहानपनी ताटावरनं भांडायचा. आता ट्रकवर हाय त्यो, म्हैन्यातनं दोनदा येतोय, जेवतोय आनि निजतोय.

तू फोन करत बसू नको. त्या फोनाचा आवाज गेलाय, नुसता थरथरतोय. पत्रच लिव्ह. तू पयलीत हुतीस तवा तुझ्याच पाटीवर मी अक्षर गिरवलं, त्येचा उपेग होऊ दे की. मी इस्पीड पोस्टानं धाडती, पोस्टमन वळखीचा हाय.

बाळीला माझा मुका. प्रियदर्शनी एवढं लांबडं नाव मला लिवताना दम लागतोय, मी आपली बाळीच म्हननार.

तुझी आज्जी



चिंचवड, पुणे
मंगळवार, २१ ऑक्टोबर २०२५

आज्जी,

काल तुझं पत्र आलं. ऋतुराजला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, आज्जींकडे बाळंतपणाचा वॉर्डच निघालाय.

मी मांजरांविषयी बरंच शोधून वाचलं. पिल्लांना जन्मल्यावर ऐकूच येत नाही, माहितीय तुला? त्यांचे कान दहा-बारा दिवसांनी उघडतात. डोळे आठ-दहा दिवसांनी, आणि उघडले की सगळ्यांचे निळेच असतात, खरा रंग नंतर येतो. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना शू-शीसुद्धा आपली आपण होत नाही, आई चाटते तेव्हाच होते. अंगातली ऊबही त्यांची त्यांना राखता येत नाही, म्हणून एकमेकांच्या अंगावर झोपतात. सगळं आईवर. वाचताना मला आमच्या लॅबमधली ती ऊब देणारी पेटीच आठवली.

आता आपलं. १ डिसेंबरला मला लॅबमध्ये हजर व्हायचंय. पाळणाघरवाले सहा महिन्यांच्या आतलं मूल घेत नाहीत. ऋतुराजच्या आई अंथरुणाला खिळलेल्या. तेव्हा ठरल्याप्रमाणे रविवारी, २३ नोव्हेंबरला आम्ही तिला घेऊन येतो आणि मार्चपर्यंत ती तुझ्याकडे राहील. ऋतुराज अजून मागंपुढं करतोय. मी त्याला सांगितलं, आई गेली तेव्हा मी दीड वर्षाची होते, मला आज्जीनंच वाढवलं, मी विहिरीपाशी रडले तरी ही घरातनं धावत यायची.

एक विचारायचं होतं. त्या दिवशी धोंडूमावशींच्या फोनवर आपण बोललो तेव्हा मी विचारलं, मागचं दार दुरुस्त झालं का. तू म्हणालीस, "व्हय व्हय, जेवले की." मी परत विचारलं तर म्हणालीस, "भाकरी आनि झुणका." मी हसले तेव्हा, पण नंतर नीट झोप लागली नाही. बाबांबरोबर नवा फोन पाठवलाय. त्यावरून बोल.

तुझी
स्नेहल



कोडोली
सोमवार, २७ ऑक्टोबर

स्नेहल बाळ,

डोळं उघडलं. आदी पांढऱ्या पायाच्याचं, बेस्तरवारी, त्येबी एकच डोळा. दिसभर एका डोळ्यानं बघत बसलंतं, दुकानदार दार अर्धं उघडून बसतोय तसं. दुसऱ्या दिशी बाकीच्यांचं. तू म्हनलीस तसं निळं, अगदी निळं. बघत्यात माझ्याकडं पर त्यास्नी काय दिसतंय कुनास ठावं. कान बी सुटलं डोक्यापासनं, तिकोनी झालेत. काळं तर लई गुबगुबीत झालंतं. पुढच्या पायावर उठून बसाय बघतंय आनि नाकावर आपटतंय. मी सकाळी धार काढून आली की म्हशीला वैरण घालायचं इसरती आनि पाळण्यापाशीच बसती. बाळी आली की आसंच हुनार, म्हस उपाशी मरनार माझी.

त्यो नवा फोन जोतीरामनं आनून दिला. त्येचाबी आवाज न्हाय. आता आसलंच फोन काढत्यात वाटतं. दाराचं म्हनशील तर दार दुरुस्त झालं. तवा धोंडुबाईच्या फोनात वारं शिरलंतं, नीट आयकू आलं न्हाय. एवढ्यासाठी झोप मोडून घ्यायची व्हय.

धोंडुबाई न्हाय हितं. दिवाळीला लेकीकडं हुपरीला गेलीया, जावयाचं पैंजनाचं काम हाय घरातच, चार दिस ऱ्हाते म्हनली. म्हनून जरा गप्प गप्प वाटतंय.

भुरी कालच्या सकाळपासनं न्हाय. नवं घर बघाय गेली आसनार. मांजर आपल्या पिल्लांस्नी सात घरं दावतं, तुला लहानपनी सांगितलंतं बघ. आता उचलून न्हेईल एकेकाला मानगुटीला धरून. म्हनून मी पिल्लांस्नी अजिबात हात लावला न्हाय. मानसाचा वास लागला तर घेनार न्हाय ती. पाळण्याजवळ ताटलीत धारेचं दूध ठेवलंय, पर अजून पिता येत न्हाय त्यास्नी.

आनि लई शानी हाईत बघ. आई न्हाय तरी रडनं न्हाय, कालवा न्हाय. नुसत्या जांभया. दिवसभर जांभया देत्यात चौघंबी, इवलं तोंड फाकून, आत गुलाबी जीभ, कमळाच्या पाकळीगत. एकानं दिली की दुसरं देतंय. आज सकाळपासनं तर काळं झोपूनच हाय, बाकीची तिघं जांभया देत्यात. मी बघत बसती आनि मलाबी यायला लागत्यात.

बाळीबी आशीच गप ऱ्हाईली तर ऋतुराजला म्हनावं काळजी नको.

तुझी आज्जी



चिंचवड
बुधवार, २९ ऑक्टोबर

आज्जी,

तुझं पत्र आज अकराला मिळालं. तिथंच जिन्यात उभी राहून वाचलं. मग लगेच धोंडूमावशींना फोन लावला. त्या हुपरीहून परत येत होत्या, एसटीत होत्या. मी त्यांना म्हटलं, घरी जाऊ नका, आधी आज्जीकडं जा.

पाऊण तासानं त्यांचा फोन आला. काय झालं ते तुला माहीतच आहे.

त्या जांभया नव्हत्या. ती रडत होती. दोन-अडीच दिवस रडत होती तुझ्यासमोर. मांजराची पिल्लं भूक लागली, गार वाजलं की एवढी कर्कश ओरडतात की धोंडूमावशींना बांधावरूनच ऐकू आलं.

जे एक राहिलंय त्याला म्हशीचं दूध देऊ नको, फार जड आहे ते, जुलाब होतील. बाळाबाईंच्या शेळीचं घे. कोमट करून, औषधाच्या ड्रॉपरनं, थेंब थेंब. आधी त्याचं अंग गरम कर, गार अंगात दूध पचत नाही. बाटलीत गरम पाणी भरून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेव. उताणं धरून पाजू नको, पोटावर ठेवून पाज, नाहीतर ठसका लागेल. दर तीन तासांनी. पाजून झालं की ओल्या फडक्यानं त्याचा मागचा भाग पूस, आई चाटते तसं, त्याशिवाय त्याला शू होणार नाही. वास लागेल म्हणून घाबरू नको. त्याला घ्यायला आता कुणी येणार नाही.

तुला ऐकू येत नाही, आज्जी. कधीपासून? मला खरं लिही. बाबांना माहीत आहे का?

प्रियदर्शनीचं आपण नंतर बोलू.

स्नेहल



कोडोली
गुरुवार, ६ नोव्हेंबर

स्नेहल बाळ,

आठ दिस लिवलं न्हाय, लिवायला हात झाला न्हाय.

बुधवारी धोंडुबाई यष्टीतनं उतरली ती पिशवीसकट, फोन कानाला लावूनच आत. माझ्याकडं बघितलंबी न्हाय. सरळ पाळण्यापाशी. तिचं तोंड हलत हुतं, काय म्हनत हुती मला कळंना. मी म्हनलं, हळू, पिल्लं निजलीत. तिनं एक उचललं, काळं, ते लाकडागत झालंतं. मग भुरी दोन्ही. आनि मग तिनं पांढऱ्या पायाचं माझ्या तळहातावर ठेवलं, माझा अंगठा धरून त्येच्या गळ्यावर ठेवला. त्येनं जांभई दिली. आनि माझ्या अंगठ्याखाली गळा थरथरला, बारीक, शिवनयंत्र चालल्यागत. तोंड मिटलं, थांबला. तोंड उघडलं, परत थरथरला.

मग कळलं मला.

तिघांस्नी शेवग्याखाली पुरलं. भुरी बी गावली. दुधाच्या टेंपोखाली, वळनावर, रविवारीच मेलीया म्हनं. मी तिची वाट बघत बसले हुते.

तू इचारलंस कधीपासनं. तुझ्या लग्नात बँडवाले गाल फुगवून वाजवत हुते आनि मला ढोलाचं धम् तेवढं पोटात येत हुतं. तवापासनं कमी. ह्या वर्षात पार गेलं. तोंडाकडं बघून कळतंय, मानूस समोर आसलं तर. जोतीरामला ठावं न्हाय, त्यो बोलतोय कुठं. धोंडुबाईला ठावं हाय. तिला शपथ घातलीती, स्नेहलला सांगायचं न्हाय. सांगितलं आसतं तर तू बाळी ठेवली नसतीस. एवढंच कारन, दुसरं काय न्हाय.

आता ह्ये एक जगलंय. तू लिवलंस तसं सगळं केलं. शेळीचं दूध, ड्रॉपर, ओलं फडकं. पयल्या दिशी थेंब गिळंना, बोटानं गळा चोळला. तिसऱ्या दिशी शू केली माझ्या लुगड्यावर. मी एवढी कधी खूष झाले न्हवते कुनी लुगड्यावर मुतल्यावर, तुझ्या येळंलाबी न्हाय. आता तेवीस दिसांचं झालं. तांदळाच्या कणीएवढं दात आलेत पुढं. उभं ऱ्हातंय, चालतंय बी, पर दारू पिल्यागत, मागचं अंग एकीकडं, पुढचं एकीकडं. शेपूट ताठ करून तोल सावरतंय.

आनि आयक. त्येला आयकू येतंय. त्येचं कान सारखं फिरत्यात. म्हस वरडली की तिकडं. मोटारसायकल आली की बांधाकडं. मी त्येच्या कानाकडं बघती आनि मला कळतंय कोन आलं. काल पोस्टमन आला, म्या आदीच दारात. त्यो म्हनला, आज बरं आयकू आलं, आज्जी.

तर मी काय इचार केला. पिल्लाच्या पायाला मऊ चिंधी बांधती, चिंधीला दोरी, दोरीचं टोक माझ्या मनगटाला. ते हललं की मला कळतंय. चार दिस करून बघितलं, येकदाबी चुकले न्हाय. भूक लागली की ते वळवळतंय, दोरी वडती, मी उठती. बाळीचंबी आसंच करायचं. तिचा पाय आनि माझं मनगट. आनि दिवसा तर ती माझ्या कुशीतच आसनार, मी खाली ठेवनारच न्हाय तिला. हात छातीवर ठेवला की रडनं कळतंय, आता मला वळख पटलीया त्येची. बाळाबाई येऊन बसंल दुपारची. ऋतुराजला दाव ह्ये पत्र.

तेवीस तारखेला या. मी सगळं धुवून ठेवती.

तुझी आज्जी



चिंचवड
बुधवार, १२ नोव्हेंबर

आज्जी,

तुझं पत्र मी ऋतुराजला दाखवलं. त्यानं ते परत घडी घालून माझ्या हातात दिलं. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, दोरी बांधून माणूस जागं राहतं, तुझ्या आईजवळच्या बाईला तर कान असून कळत नाही.

मग रविवारी मी एक केलं. दोन्ही कानांत कापूस घातला, वरून ऋतुराजचा तो मोठा हेडफोन. प्रियदर्शनी झोपली होती. तिच्या पायाला ओढणी बांधली, दुसरं टोक माझ्या मनगटाला. तिच्याकडं पाठ करून भाजी निवडत बसले. ऋतुराजला सांगितलं, तू मध्ये पडायचं नाही. एकदा ओढणी हलली, मी वळले, ती झोपेत हसत होती. बरं वाटलं. परत निवडायला लागले. नंतर काही हललं नाही. मला वाटलं झोपलीय. पेंडी संपली, सहज मागं बघितलं तर तोंड लालबुंद, श्वास अडकलेला, डोळे पांढरे. ती हात-पाय ताठ करून रडत होती, आज्जी. पाय हलवतच नव्हती. ऋतुराज दारात उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण मीच त्याला मध्ये पडू नको म्हटलं होतं.

म्हणून नाही. मी फिरवून फिरवून लिहीत नाही. तिला तुझ्याकडं ठेवणार नाही.

ऋतुराजच्या मावशी चाकणहून राहायला येतायत, ३० तारखेला, त्या रविवारी. मला त्या फारशा आवडत नाहीत, पण येतायत. १ तारखेपासून मी कामावर. मग मार्चपर्यंत एकही सुट्टी मिळणार नाही. मार्चमध्ये येईन तेव्हा तुला कोल्हापूरला कानाच्या डॉक्टरकडं नेईन. यंत्र बसवता येतं म्हणे, बघू.

२३ तारखेला आम्ही येणार आहोत. दिवसभरासाठी. तू तिला अजून पाहिलंही नाहीस.

तू मला वाढवलंस हे मी विसरलेले नाही. तुला तेव्हा ऐकू येत होतं.

स्नेहल



कोडोली
सोमवार, २४ नोव्हेंबर

स्नेहल बाळ,

काल तुमी गेला आनि आज लिवाय बसले. मी बोलायला लागले की तुमी दोघं एकमेकाकडं बघता, मी मोठ्यानं बोलती का बारीक तेबी मला कळत न्हाय आता. कागदावर बरं.

बाळी गोरी हाय, तुझ्या आईवर गेलीया. कपाळ तेवढं आमचं. जड हाय चांगली. माझ्या मांडीवर अर्धा तास हुती, मी घड्याळ बघितलं. माझ्या नथीकडं बघत हुती. मग तिनं तोंड उघडलं आनि मी अंगठा छातीवर ठेवला, वळखलं मी, रडती म्हनून. म्हनलं तुला सांगावं, बघ वळखलं. तवर तू उचललीस. बरोबर केलंस. मी रागावले न्हाय. हात तसाच ऱ्हायला थोडा येळ, एवढंच.

ऋतुराज समोर येऊन पिल्लू कुठं इचारत हुता. मी आयकू न आल्यागत केलं, आता त्येचा एक फायदा तेवढा हाय. पिल्लू शुक्रवारी बाळाबाईला दिलं. सव्वा म्हैन्याचं झालंतं. ताटलीतनं प्याय लागलंतं, माझ्या पदराची शिकार करायचं, दबा धरून बसायचं आनि पडायचं. माती उकरून आपली आपन करायचं, झाकायचं. कुनी शिकवलं न्हाय. बाळाबाईकडं व्यालेली मांजर हाय, तिनं ह्येला चाटून घेतलं म्हनं पयल्याच दिशी. बाळाबाई न्यायला आली तवा मला म्हनली, ठेव की गं, तुझ्याजवळ चांगलं हाय. मी म्हनलं, चुलीमागं अडकलं, कुत्र्यानं धरलं तर वरडंल आनि मी भाकरी थापत बसीन. तू न्हे.

आता कोन आलं गेलं ते कळत न्हाय. दार उघडंच ठेवती.

म्हस बरी हाय. धोंडुबाई दोन टाइम येती, माझ्यासमोर उभी ऱ्हाऊन तोंड मोठं करून बोलती, तिच्या जबड्यात किती दात ऱ्हायलेत ते आता मला पाठ झालंय. जोतीरामला तू सांगितलंस जनू, त्यो परवा आला आनि माझ्या पायापाशी बसून ऱ्हायला. जेवला न्हाय.

तुमी निघाला तवा धोंडुबाई हितं नव्हती, न्हायतर तिलाच इचारलं आसतं. गाडी वळवून झाल्यावर तू काच खाली केलीस. बाळी तुझ्या खांद्यावर निजली हुती. तू कायतरी म्हनलीस. मी मान हलवली. मग परत म्हनलीस, सावकाश, मला दिसंल आसं तोंड करून. मी बघितलं नीट. रविवार म्हनलीस तू. येत्या रविवारी येतो. एक तारखेला तुझं काम हाय, मावशी बी त्याच रविवारी येनार हाय, ते मला ठावं हाय, पर तू म्हनलीस तर म्हनलीस. घरात येऊन मी क्यालेंडरावर बघितलं आनि पेनानं गोल केला. रविवार, तीस तारीख. तीस तारखेला येतो म्हनलाय तुमी.

तुझी आज्जी